हकीम राझी आणि बालकांचे आरोग्य

अबू बक्र मुहम्मद इब्न झकरिया यांचा जन्म हिजरी 251 (इ. स. 865) मध्ये आजच्या तेहरानजवळील रै या नगरात झाला. नगराच्या नावावरून जग त्यांना राझी म्हणून ओळखते. रै येथील आणि पुढे बगदादमधील रुग्णालयाचे प्रमुखपद त्यांनी भूषविले.

मुलाच्या अंगावर पुरळ उठले की ती देवी की गोवर, हे ठरविणे त्या काळी वैद्यांनाही अवघड जाई. राझींनी रुग्णांचे बारकाईने निरीक्षण केले. देवीत पाठदुखी अधिक, तर गोवरात मळमळ व अस्वस्थता अधिक, हा भेद त्यांनी आपल्या स्वतंत्र ग्रंथात नोंदविला. डोळ्यांना असलेला धोका ओळखून त्यांची निगा कशी राखावी, हेही सांगितले. रोगाच्या कारणाविषयीची त्यांची कल्पना पुढे मागे पडली. निरीक्षण मात्र टिकले.

केवळ बालरोगांवरही त्यांचा एक छोटा ग्रंथ होता. दात येणे, कान वाहणे, जुलाब, खोकला, जंत अशा नित्याच्या तक्रारींचा विचार त्यात आहे. मूळ अरबी प्रत लुप्त झाली. लॅटिन व हिब्रू भाषांतरे उरली. ज्यांच्याजवळ वैद्य नाही, अशा गोरगरिबांसाठीही त्यांनी एक ग्रंथ लिहिला.

अखेरच्या काळात त्यांची दृष्टी गेली. हिजरी 313 (इ. स. 925) मध्ये रै येथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्या तत्त्वज्ञानविषयक काही मतांवर उलमांनी कठोर आक्षेप घेतले आहेत. वैद्यकातील त्यांची सेवा मात्र सर्वमान्य आहे.

पुढे 1802 मध्ये देवीची लस बगदाद व बसरामार्गेच मुंबईत पोहोचली आणि 14 जून रोजी तीन वर्षांच्या एका बालिकेस टोचली गेली. आज देवी जगातून नाहीशी झाली आहे. गोवर अजून आहे. त्याची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि पुन्हा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान दिली जाते. गोवर झालेल्या मुलाचे डोळे जपण्यासाठी बालरोगतज्ज्ञ आजही जीवनसत्त्व ‘अ’ देतात.

पोलादपूर तालुक्यातील कुडपणसारख्या डोंगरातल्या गावी आजारी मुलाला घेऊन दवाखाना गाठणे सोपे नसते. म्हणूनच लसीचा दिवस चुकवू नये. शिफा अल्लाहच्या हाती आहे; पण दुवेसोबत दवा करणे हे तवक्कुलच्या विरोधात नाही. मूल ही अमानत आहे आणि अमानत जपण्यासाठी वेळीच हालचाल करणे हे मातापित्यांचे कर्तव्य आहे.