भास्कराचार्य आणि पाटणचा मठ

विश्वाचे मूळ संख्येत आहे असे मानणारा पायथागोरसचा पंथ ग्रीकांमध्ये होऊन गेला. आपली शिकवण पंथाबाहेर जाऊ न देण्याबद्दल तो प्रसिद्ध आहे. संख्या आणि आकाश यांचा अभ्यास करणारे एक घराणे आपल्या खानदेशाशीही जोडलेले आहे. त्यांनी मात्र विद्या खुली ठेवली. या घराण्यातील भास्कराचार्यांची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मध्ये, म्हणजे इ. स. १११४ साली झाला. सह्याद्रीच्या परिसरातील विज्जलविड हे त्यांचे गाव. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६व्या वर्षी त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग. ६९व्या वर्षी त्यांनी पंचांगाच्या गणितासाठी 'करणकुतूहल' रचला.

बीजगणितात त्यांनी एक अवघड उदाहरण सोडवले आहे. कोणत्या संख्येच्या वर्गाला ६१ने गुणून १ मिळवला असता पुन्हा पूर्ण वर्ग येतो? सर्वांत लहान उत्तर आहे २२,६१,५३,९८०. हाच प्रश्न फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने १६५७ साली युरोपातील विद्वानांना घातला. भास्कराचार्यांनी तो चक्रवाल पद्धतीने पाचशे वर्षे आधीच सोडवला होता.

त्यांचे पुत्र लक्ष्मीधर आणि नातू चांगदेव यादवांच्या दरबारी होते. चांगदेवांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी चाळीसगावजवळ पाटण येथे मठ स्थापन केला. निकुंभ राजा सोइदेवाने शके ११२८ मध्ये त्याला दान दिले. त्याचा शिलालेख पाटणादेवीला आहे. लेख संस्कृतात आहे, पण शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. पेठेतल्या मालावर आणि तेलाच्या घाण्यांवर मठासाठी काय द्यायचे, हे त्यात सांगितले आहे. ज्यांना द्यायचे होते त्यांना कळावे, म्हणूनच तो भाग त्यांच्या बोलीत असावा. राजाच्या दानाला व्यापारी आणि तेली यांचा असा नेमाने हातभार लागत होता.

पुढे अकबराच्या आज्ञेवरून फैजीने १५८७ साली लीलावतीचे फारसी भाषांतर केले. घटिकापात्रात मोती अडकून लीलावतीचा मुहूर्त टळल्याची कथा आपण लहानपणी ऐकतो, ती त्याच्याच प्रस्तावनेतली. हाच फैजी १५९१ साली अकबराचा वकील म्हणून आपल्या बऱ्हाणपुरास राजे अली खान फारुकी यांच्याकडे आला होता.

आपल्या मुलांचे शिक्षण बहुधा हिंदीत किंवा इंग्रजीत होते. भास्कराचार्य त्यांना पाठ्यपुस्तकातले एक नाव म्हणून भेटतात. पण बऱ्हाणपूरहून भुसावळमार्गे चाळीसगावला थेट रेल्वे आहे. सुट्टीत मुलांना पाटणादेवीला न्यावे आणि त्या मराठी ओळी दाखवाव्यात, असे आम्ही सुचवतो. ग्रंथ एकाने लिहिला, पण तो शिकवला जावा म्हणून सारी पेठ देत होती. आपल्या मंडळाच्या मराठी वर्गालाही तशाच हातभाराची गरज आहे.