वसईचे संत गोन्सालो गार्सिया

ज्युबिलीच्या ह्या मंगल प्रसंगीं वारज्याच्या भाविकांपुढें आम्ही आपल्याच भूमींत जन्मलेल्या एका हुतात्म्याचें चरित्र थोडक्यांत ठेवीत आहों.

सन १५३४ मध्यें वसई पोर्तुगीजांच्या ताब्यांत गेली. पुढें तेथें येशूसंघ, फ्रान्सिस्कन व डोमिनिकन ह्या संघांचीं चर्चें उभीं राहिलीं. त्याच गांवीं, सोळाव्या शतकाच्या मध्यास, गोन्सालो ह्यांचा जन्म झाला. पिता पोर्तुगीज, माता कोंकणांतली. येशूसंघाच्या धर्मगुरूंनीं त्यांस शिकविलें, आणि किशोरवयांतच ते त्यांजबरोबर जपानांत गेले. तेथील भाषा आत्मसात करून त्यांनीं सुमारें आठ वर्षें धर्मशिक्षकाचें काम केलें.

आपणांस संघांत घ्यावें, ही त्यांची मोठी आस होती. ती पुरी झाली नाहीं. मग त्यांनीं व्यापार पत्करला. तो भरभराटीस आला, तरी मन रमेना. अखेर फिलिपाईन्स बेटांतील मनिला येथें फ्रान्सिस्कन संघानें त्यांस बंधु म्हणून स्वीकारलें. सन १५९३ मध्यें संत पेद्रो बातिस्ता ह्यांजबरोबर दुभाष्या होऊन ते पुन्हां जपानांत आले. सत्ताधीश हिदेयोशी ह्यांच्यापुढें वकिलातीचें बोलणें पोंचविलें तें ह्या वसईकरानेंच. क्योटो शहरीं ह्या बंधूंनीं महारोग्यांसाठीं रुग्णालय चालविलें.

सन १५९६ मध्यें सान फेलिपे नांवाचें स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटलें. त्यावरून उठलेल्या वादांत हिदेयोशींचा रोष मिशनऱ्यांवर ओढवला. कैद्यांचे डावे कान कापण्यांत आले, आणि ऐन हिवाळ्यांत त्यांस नागासाकीपर्यंत चालविण्यांत आलें. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं सव्वीस जणांस क्रुसावर चढविलें. त्यांत गोन्सालो होते. आठवे अर्बन ह्यांनीं १६२७ सालीं त्यांस धन्य, व नववे पायस ह्यांनीं १८६२ सालीं संत म्हणून घोषित केलें. भारतांत जन्मलेले ते पहिले संत होत.

सन १७३९ मध्यें चिमाजी अप्पांनीं वसई घेतली. किल्ल्यांतील बहुतेक चर्चें आज भग्न आहेत. त्यांच्या कांहीं घंटा मेणवली, भीमाशंकर येथील देवालयांत आहेत. परंतु येशूनामाच्या चर्चला लोक आज ह्या संतांच्या नांवानेंच ओळखतात.

बंधुजनहो, भिंती कालवश होतात. त्या भिंतींच्या आंत एका मुलास दिलेलें धर्मशिक्षण मात्र नागासाकीच्या टेकडीवरही ढळलें नाहीं. आपल्या चर्चच्या वर्षांची गणना करतांना आपल्या मुलांच्या धर्मशिक्षणाचाही हिशेब आपण घ्यावा, हीच आमची विनंति.