तोफा वितळवून नांगर घडविणारा कारखानदार

सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यात, मिरज-पुणे लोहमार्गावर किर्लोस्करवाडी हे स्थानक आहे. एकेकाळी या स्थानकाचे नाव कुंडल रोड असे होते. स्थानकाचे नाव बदलावे, माळरानाचे गाव व्हावे आणि त्या गावाच्या नावाची अक्षरे देशभरातील शेतकऱ्यांच्या नांगरांवर उमटावीत, ही किमया ज्या माणसाने केली ते लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांना जाऊन आता कित्येक दशके लोटली. त्यांच्या उद्योगाचा विस्तार सर्वांनाच ठाऊक आहे. तथापि या विस्ताराच्या मुळाशी एक साधी वाटणारी, परंतु अत्यंत अवघड अशी विद्या होती. लोखंड वितळविणे, ते साच्यात ओतणे, ओतलेला नग नेमक्या मापात आणणे आणि त्याला टिकाऊ लेप देणे, ही ती विद्या. ती त्यांनी कोणत्याही कारखान्यात उमेदवारी करून मिळविलेली नव्हती. फसलेल्या ओतकामातून ती त्यांच्या पदरात पडली.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. शाळेच्या पुस्तकांत त्यांचे मन रमत नसे. चित्रे काढणे आणि यंत्रांशी खेळणे हेच त्यांचे दोन छंद. वडिलांचा विरोध असतानाही थोरले बंधू रामचंद्रपंत, म्हणजेच रामूअण्णा, यांच्या पाठिंब्यावर १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. कला शाळेत दाखल झाले. दोन वर्षांनी मात्र एक कटू सत्य पुढे आले. लक्ष्मणरावांना काही रंगांतील भेद ओळखता येत नव्हता. चित्रकार होण्याचे स्वप्न तेथेच संपले. रंग हातचे गेले, पण रेषा हाती राहिली. त्यांनी यांत्रिक रेखाटनाचा अभ्यास केला आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्याच विषयाचे शिक्षक म्हणून नोकरी धरली. यंत्राचा प्रत्येक भाग कागदावर मापासह उतरविण्याची ही सवय त्यांना आयुष्यभर पुरली.

मुंबईत असतानाच त्यांचे लक्ष सायकलीकडे गेले. ते मुंबईहून सायकली पाठवीत आणि बेळगावात रामूअण्णा त्या विकत, शिवाय गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवीत. १८८८ मध्ये सुरू झालेल्या या दुकानातूनच किर्लोस्कर बंधू हे नाव पुढे आले. नोकरीत मात्र त्यांना डावलून बढती दुसऱ्यास देण्यात आली. स्वाभिमानी लक्ष्मणरावांनी १८९७ मध्ये राजीनामा दिला आणि ते बेळगावला परतले.

फाळाची परीक्षा

सायकलीच्या दुकानावर समाधान मानणे त्यांच्या स्वभावात नव्हते. शेतकऱ्याच्या उपयोगी पडेल असे काही आपण स्वतः घडवावे, या विचाराने त्यांनी प्रथम कडबा कापण्याचे यंत्र तयार केले. त्यानंतर ते लोखंडी नांगराकडे वळले. कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत हरळी आणि कुंद्याची मुळे खोलवर जातात. लाकडी नांगर अशी जमीन नुसती उकरतो. ती मुळासकट उलथून टाकायची तर लोखंडी नांगरच हवा. असे नांगर विलायतेहून येत असत, पण ते सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचे होते.

देशी नांगर तयार झाला, पण तो घेण्यास कोणी पुढे येईना. लोखंड जमिनीत गेले की जमीन विषारी होते, अशी समजूत शेतकऱ्यांमध्ये घट्ट रुजली होती. पहिला नांगर खपण्यास दोन वर्षे लागली, असे त्यांच्या चरित्रकथेत सांगितले जाते. शेतकऱ्याच्या या भीतीची चेष्टा करणे सोपे होते. परंतु लक्ष्मणरावांपुढे त्याहून गंभीर अडचण उभी होती. सुरुवातीच्या फाळांची टोके पुरेशी कठीण नव्हती. खडकाळ रानात ती लवकर झिजत. अंधश्रद्धा प्रचाराने दूर करता आली असती, पण झिजलेला फाळ हा पुरावाच होता आणि तो कारखानदाराच्या विरोधात जात होता.

ओतीव लोखंडाचा, ज्याला आपण बीड म्हणतो त्याचा, स्वभाव मोठा विचित्र असतो. ते सावकाश निवाले तर मऊ राहते, कानशीने घासता येते, पण लवकर झिजते. ते झटकन निवाले तर दगडासारखे कठीण होते, पण ठिसूळही होते. फाळाला दोन्ही गुण हवे असतात. टोक कठीण हवे आणि मागचा भाग धक्का सोसणारा हवा. इंग्लंडमध्ये इप्सविच येथील रॉबर्ट रॅन्सम याने १८०३ मध्ये या प्रश्नावर तोड काढली होती. वाळूच्या साच्यात जेथे धार यायची तेथे लोखंडाचा तुकडा बसवायचा. लोखंडाचा रस त्या थंड धातूला भिडला की तेवढ्याच जागी लगेच थिजतो आणि कठीण कवच धरतो. उरलेला भाग वाळूत सावकाश निवतो. वाचताना ही युक्ती सोपी वाटते. पण कोणते लोखंड घ्यावे, ते किती तापवावे, धातूचा तुकडा किती जाड असावा, यातील प्रत्येक चूक एक फाळ वाया घालविते.

लक्ष्मणरावांनी परदेशी नांगर समोर ठेवून आणि अमेरिकेतील यंत्रविषयक नियतकालिके वाचून हे ज्ञान जमविले. ओतशाळेत फसलेले नग पुन्हा भट्टीत गेले. हळूहळू फाळ टिकू लागला. तो टिकतो हे शेजारच्या रानात दिसल्यावर लोखंडाच्या विषाची गोष्ट आपोआप मागे पडली.

निवडुंगाच्या माळावर

धंद्याला बरकत येत असतानाच नवे संकट कोसळले. बेळगावातील कारखान्याची जागा नगरपालिकेला शहराच्या वाढीसाठी हवी होती. उभा केलेला कारखाना हलविणे भाग पडले. अशा वेळी औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंत प्रतिनिधी यांनी हात दिला. सातारा जिल्ह्यातील औंध ही या छोट्या संस्थानाची राजधानी. लक्ष्मणरावांनी औंध येथे बांधकामाचे काम केले होते आणि राजेसाहेबांना त्यांच्या कर्तृत्वाची पारख झाली होती. त्यांनी संस्थानच्या हद्दीतील, कुंडल रोड स्थानकालगतची ३२ एकर जमीन आणि १० हजार रुपये बिनव्याजी देऊ केले.

जागा कसली, निवडुंगाचे रान होते ते. पाण्याचे दुर्भिक्ष आणि सापांचा सुळसुळाट. १० मार्च १९१० हा किर्लोस्करवाडीचा स्थापना दिवस मानला जातो. सुमारे २५ कामगार आणि त्यांची कुटुंबे घेऊन लक्ष्मणराव या माळावर उतरले. रामूअण्णांनी वसाहतीची व्यवस्था पाहिली, शंभोराव जांभेकरांनी यंत्रांची बाजू सांभाळली, मंगेशराव रेगे यांनी हिशेब सांभाळले. इंग्लंडमधील पोर्ट सनलाइट, बोर्नव्हिल या उद्योगनगरांच्या धर्तीवर कामगारांची घरे बांधण्यात आली. वसाहतीत शिवाशिवीला थारा नव्हता. शिक्षा भोगलेल्या माणसांनाही विश्वासाने रखवालीचे काम देण्यात आले. त्या काळातील सातारा-सांगली भागाचा विचार करता हे धाडसच होते.

तोफा भट्टीत

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले आणि किर्लोस्करवाडीची खरी कसोटी लागली. विलायती नांगरांची आवक थांबल्यामुळे देशी नांगराला मागणी वाढली. मात्र ज्या कच्च्या लोखंडापासून तो ओतायचा तेच मिळेनासे झाले. कोळसा मिळेना, रंग मिळेना. मागणी दारात उभी आणि भट्टी थंड, अशी अवस्था झाली. कामगारांना घेऊन माळावर वसविलेले गाव पोसायचे कसे, हा प्रश्न होता.

त्या वेळी कोल्हापूर संस्थानच्या किल्ल्यांवर जुन्या, निकामी तोफा पडून होत्या. राजर्षी शाहू महाराजांनी त्या किर्लोस्करांना दिल्या. ज्या तोफांनी एकेकाळी गोळे फेकले, त्या किर्लोस्करवाडीच्या भट्टीत जाऊन फाळ बनल्या. ही गोष्ट सांगताना बहुधा तिच्यातील काव्याकडेच लक्ष दिले जाते. कारखानदाराच्या दृष्टीने मात्र तो मोठा जुगार होता. तोफ आहे तशी भट्टीत जात नाही. प्रथम तिचे तुकडे करावे लागतात. शतकापूर्वी कोणा कारागिराने ओतलेल्या लोखंडात कोणते घटक किती आहेत, हे तिच्या अंगावर लिहिलेले नसते. एका तोफेचे लोखंड फाळासाठी उत्तम ठरेल, तर दुसरीचे ठिसूळ निघेल. दगडी कोळशाच्या जागी लाकडी कोळसा वापरला की भट्टीची आचही बदलते. बेळगावात फसलेल्या फाळांनी दिलेले शिक्षण येथे कामी आले.

तोफ आणि नांगर यांच्यात आणखी एक साम्य आहे. तोफेच्या नळीत बसणारा गोळा मापाचा नसेल तर तो एकतर अडकतो किंवा वाऱ्यावर जातो. नुसता गोळा ओतून भागत नाही, तो मापात असावा लागतो. नांगराच्या फाळाचेही तेच आहे. फाळ झिजणारच. तो झिजल्यावर शेतकऱ्याने दुकानातून दुसरा आणावा आणि लोहाराकडे न जाता रानातच चढवावा, ही खरी सोय. त्यासाठी कारखान्यातून निघणारा प्रत्येक फाळ एकाच मापाचा आणि त्याची भोके एकाच जागी असली पाहिजेत. निवताना बीड आकसते. तेवढी वाढ लाकडी नमुन्यात आधीच धरावी लागते. यांत्रिक रेखाटन शिकविणाऱ्या माणसाला या मापाचे मोल वेगळे सांगण्याची गरज नव्हती. सुटे भाग हमखास मिळतात आणि ते हमखास बसतात, या दोन गोष्टींनी किर्लोस्कर नांगराला जो विश्वास मिळवून दिला तो केवळ जाहिरातीने मिळाला नसता.

राहिला रंगाचा प्रश्न. शेतातून येणारे लोखंड ओल्या मातीने माखलेले असते. लेप नसेल तर ते पावसाळ्यात गंजते. परदेशी रंग बंद झाल्यावर वाडीतच रंग तयार करण्याचे प्रयोग झाले. रंग ओळखता येत नाहीत म्हणून ज्याला कुंचला खाली ठेवावा लागला, त्याच माणसाच्या कारखान्यात रंग तयार व्हावा, हा योगायोग विलक्षण म्हणावा लागेल.

विस्तार आणि आघात

युद्ध संपले आणि १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्करांनी कारखान्याची खबरबात देणारे नियतकालिक सुरू केले. त्यातूनच मराठी मध्यमवर्गाचे लाडके 'किर्लोस्कर' मासिक घडले. उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याचे यंत्र, हातपंप अशी उत्पादने वाढत गेली. १९२६ मध्ये पंप आणि डिझेल इंजिन तयार झाले. अमेरिकेत शिकून आलेले पुत्र शंतनुराव कारखान्यात दाखल झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१ मध्ये, म्हैसूर संस्थानातील हरिहर येथे लेथ यंत्रांचा कारखाना निघाला. १९४६ मध्ये पुणे आणि बंगळूर येथे नव्या कंपन्या उभ्या राहिल्या. सायकलीचे दुकान एका पिढीत उद्योगसमूह झाले.

याच काळात शेजारच्या कुंडल परिसरात इतिहास वेगळ्या मार्गाने घडत होता. क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार १९४३ ते १९४६ या काळात सातारा जिल्ह्यात उभे राहिले. कुंडल हे त्याचे मोठे केंद्र. आजचा सांगली जिल्हा तेव्हा वेगळा झालेला नव्हता. हा भाग एकाच वेळी बंडखोरांचा आणि कारखानदारांचा होता.

स्वातंत्र्य मिळाले, पण लक्ष्मणरावांच्या नशिबी आणखी एक आघात होता. जानेवारी १९४८ अखेरीस महात्मा गांधींची हत्या झाली आणि त्यानंतर पश्चिम महाराष्ट्रात दंगली उसळल्या. त्या वणव्यात किर्लोस्करवाडीच्या कारखान्यालाही आग लावण्यात आली. ज्या माळावरचा निवडुंग तोडून गाव वसविले, तेथेच ज्वाला पाहण्याची वेळ अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या लक्ष्मणरावांवर आली. तरीही कारखाना तेथून हलला नाही. तो पुन्हा उभा राहिला. बेळगाव सुटले तेव्हा नवी जागा शोधली गेली होती. वाडी मात्र सोडली गेली नाही.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. २० जून १९६९ रोजी, त्यांच्या जन्मशताब्दीच्या दिवशी, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. किर्लोस्करवाडीत आजही पंप तयार होतात.

लक्ष्मणरावांच्या आयुष्याकडे पाहताना राजाश्रय, स्वदेशीची लाट, युद्धामुळे मिळालेली बाजारपेठ, अशी यशाची अनेक कारणे देता येतील. ती खोटी नाहीत. परंतु राजाश्रय अनेकांना लाभला आणि युद्धाची बाजारपेठही अनेकांना मिळाली. शेतकऱ्याच्या हातात जाणारा प्रत्येक फाळ आधीच्या फाळाइतकाच कठीण आणि तितक्याच मापाचा असावा, यासाठी फसलेला नग विकण्याऐवजी पुन्हा भट्टीत टाकण्याची तयारी मात्र फार थोड्यांनी दाखविली. किल्ल्यावरच्या तोफा कोणालाही वितळविता आल्या असत्या. त्या लोखंडातून शेतकऱ्याचा विश्वास ओतणे, हे लक्ष्मणरावांचे काम होते.