लुकलुकत्या दिव्यातून मेंदूचा ठाव घेणारे ग्रे वॉल्टर

फिट येणाऱ्या रुग्णाला ईईजी काढायला नेलं, की डोक्यावर बारीक वायरी चिकटवतात. थोड्या वेळानं डोळ्यांसमोरचा एक दिवा भराभर उघडझाप करू लागतो. सोबत आलेल्या घरच्यांना प्रश्न पडतो, हा दिवा कशासाठी? त्याचं उत्तर विल्यम ग्रे वॉल्टर यांच्या आयुष्यात सापडतं.

वॉल्टर यांचा जन्म १९ फेब्रुवारी १९१० रोजी अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत झाला. वडील पत्रकार. लहानपणीच कुटुंब इंग्लंडला आलं. केंब्रिजला शिक्षण झालं, पण तिथली संशोधनाची फेलोशिप काही मिळाली नाही. मग १९३५ पासून ते लंडनच्या रुग्णालयांत काम करू लागले.

मेंदूत वीज खेळते आणि ती कवटीच्या बाहेरूनही मोजता येते, हे जर्मनीच्या हान्स बर्गर यांनी १९२९ मध्ये जाहीर केलं होतं. वॉल्टर त्यांची प्रयोगशाळा पाहून आले आणि स्वतः जास्त चांगलं यंत्र तयार केलं. १९३६ मध्ये त्यांनी दाखवून दिलं, की मेंदूत गाठ असेल तर तिच्या आसपास फार संथ लहरी उठतात. या लहरींना त्यांनी डेल्टा हे नाव दिलं. कवटी उघडण्याआधीच गाठ कुठे आहे याचा अंदाज येऊ लागला.

१९३९ मध्ये ते ब्रिस्टलच्या बर्डन न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटमध्ये गेले आणि तिथेच १९७० पर्यंत रमले. दिव्याचा मोठा प्रयोग इथलाच. डोळे मिटून शांत बसलं, की डोक्याच्या मागच्या भागात सेकंदाला ८ ते १३ लहरी उठतात. लुकलुकणाऱ्या उजेडाच्या मागे या लहरी धावतात, हे एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी १९३४ मध्येच पाहिलं होतं. वॉल्टर, डोव्ही आणि शिप्टन या तिघांनी १९४६ मध्ये हवा तो वेग ठेवता येईल असा प्रखर इलेक्ट्रॉनिक दिवा वापरला.

हलगीच्या ठेक्यावर लेझमीची पावलं पडावीत, तशा मेंदूच्या लहरी दिव्याच्या ठेक्यावर चालू लागल्या. काहींच्या मेंदूत तर पाहण्याशी संबंध नसलेल्या भागांपर्यंत त्या पोचल्या. दिवा साधा पांढरा, पण लोकांना रंग आणि फिरती नक्षी दिसू लागली. काहींच्या कागदावर फिटसारख्या लहरी उमटल्या, आणि त्यातल्या काहींना आधी कधीच फिट आलेली नव्हती. पुढे तर रुग्णाच्या मेंदूची लहरच दिवा पेटवील अशीही जोडणी त्यांनी केली.

संध्याकाळी झाडांच्या रांगेतून सायकल चालवताना एका माणसाची शुद्ध हरपायची. मावळतीचं ऊन खोडांआडून लुकलुकत डोळ्यांवर येत होतं, एवढंच कारण. अशा गोष्टी वॉल्टर यांनी १९५३ च्या ‘द लिव्हिंग ब्रेन’ या पुस्तकात सांगितल्या.

हाताला सतत चाळा. उजेडाकडे आपोआप सरकणारी एल्मर आणि एल्सी ही दोन यांत्रिक कासवं त्यांनीच बनवली. मेंदूच्या कोणत्या भागात काय चाललंय ते २२ छोट्या पडद्यांवर दाखवणारं टोपोस्कोप हे यंत्रही त्यांच्याच प्रयोगशाळेतलं. १९७० मध्ये स्कूटरच्या अपघातात मात्र त्यांच्याच मेंदूला जबर मार बसला. त्यातून ते पुरते सावरले नाहीत. ६ मे १९७७ रोजी त्यांचं निधन झालं.

१९९७ च्या डिसेंबरमध्ये जपानमध्ये टीव्हीवरचं कार्टून बघताना शेकडो मुलांना त्रास झाला. पडद्यावर लाल-निळा उजेड भराभर लुकलुकत होता. वॉल्टर यांनी ५० वर्षांपूर्वी नोंदवलेलीच ही गोष्ट.

फिट येणाऱ्या सगळ्यांनाच उजेडाचा त्रास होत नाही, थोड्यांनाच होतो. त्यांनी वरातीतल्या डीजेच्या लुकलुकत्या दिव्यांपासून लांब राहावं. अचानक समोर आलेच तर एक डोळा तळहातानं पूर्ण झाकून तोंड फिरवावं. नुसते डोळे मिटून भागत नाही, उजेड पापण्यांतून आत जातोच.

आजही कुणाला फिट आली, की चप्पल नाहीतर कांदा हुंगवतात, कुणी बाहेरची बाधा म्हणून देवऋषाकडे नेतात. पण साध्या दिव्याच्या उघडझापीनं फिटच्या लहरी कागदावर उमटतात, मग त्यात बाधा कसली? हा मेंदूतल्या विजेचा बिघाड आहे. त्याला औषध आहे, आणि ते डॉक्टरकडेच मिळतं.