सरासरीपलीकडचा माणूस

माझी पुतणी मानसशास्त्र घेऊन बी.ए. करते आहे. माणसाचे मन वाचायला मिळेल या हौसेने तिने हा विषय घेतला आणि पुढ्यात आले संशोधन पद्धती व संख्याशास्त्र. नमुना, सरासरी, प्रमाण विचलन, सहसंबंध! दिवाळीत ती रामटेकला आली तेव्हा पुस्तक मिटत तिने तक्रार केली, की माणसे समजून घ्यायची तर ही आकडेमोड कशाला? मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवले, तरी चटकन उत्तर सुचले नाही. सुचले ते एक नाव, पांडुरंग वासुदेव सुखात्मे.

सातारा जिल्ह्यातल्या बुध या गावी २७ जुलै १९११ रोजी त्यांचा जन्म झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून १९३२ साली ते गणित घेऊन पदवीधर झाले आणि पुढच्याच वर्षी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात दाखल झाले. संख्याशास्त्राचे ते त्या काळचे माहेरघर. फिशर, एगॉन पिअर्सन, नेमन ही सगळी मंडळी तिथेच, आणि त्यांचे आपसात फारसे पटतही नव्हते. गंमत अशी, की गुणानुक्रमांवरून सहसंबंध काढण्याची जी रीत पुतणीला छळत होती, ती शोधणारे स्पिअरमन १९३१ पर्यंत याच कॉलेजात मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. मन मोजणारे आणि पीक मोजणारे एकाच अंगणात वाढले, असे म्हणायला हरकत नाही.

सुखात्मे यांचा विषय होता नमुना निवड. थोड्यांकडे पाहून सगळ्यांविषयी बोलायचे, तर ते थोडे कसे निवडावेत? १९३६ साली डॉक्टरेट घेऊन ते मायदेशी परतले आणि १९४० पासून भारतीय कृषी संशोधन परिषदेत काम करू लागले.

आमच्या रामटेकच्या गडावरून खाली पाहिले, की धानाच्या बांध्या दिसतात. पूर्वी अशा शेतांचे पीक नजरेने ठरत असे. अधिकारी धुऱ्यावर उभा राहायचा आणि आणेवारी सांगायचा. त्याचा अंदाज चुकला तर सारासूट हुकायची. सुखात्मे यांनी आग्रह धरला तो यदृच्छ निवडीचा. चिठ्ठी टाकावी तसे शेत निवडायचे, त्यात ठरावीक मापाचा तुकडा आखायचा, तेवढेच पीक कापून, झोडून, तोलायचे. आजही होणाऱ्या पीक कापणी प्रयोगांमागे हेच तत्त्व आहे.

पण तुकडा केवढा घ्यायचा? यावरून त्यांचा प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याशी मोठा वाद झाला. महालनोबिस यांचा भर लहान तुकड्यांवर आणि खास नेमलेल्या माणसांवर होता. सुखात्मे यांनी दाखवून दिले, की तुकडा लहान असला तर त्याच्या मानाने कड फार होते. कडेवरचे रोप आत धरावे की बाहेर, असा प्रश्न आला की कापणाऱ्याचा हात नकळत ते आत ओढतो आणि उत्पन्न फुगते. यात लबाडी कोणाचीच नसते, चूक मापण्याच्या रीतीतच दडलेली असते. १९४६ साली हे निष्कर्ष ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

१९५१ साली ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत रोमला गेले आणि सुमारे दोन दशके तिथे राहिले. जगातली दोनतृतीयांश माणसे उपाशी आहेत, असे त्या काळी मोठमोठे लोक सांगत. सुखात्मे यांनी १९६१ साली हिशेब मांडला. पोटभर न मिळणारे शेकडा दहा ते पंधरा, आणि निकृष्ट आहाराने पिडलेले धरले तर जवळपास निम्मे जग. या कामासाठी रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने १९६३ साली त्यांना गाय रौप्य पदक दिले. प्रथिनांच्या टंचाईचा गवगवा झाला, तेव्हाही त्यांनी वेगळीच बाजू मांडली. आपल्याकडचे डाळ आणि धान्य पोटभर मिळाले, तर बहुतेकांना प्रथिने पुरतात. खरी उणीव पोटभर मिळण्याचीच आहे.

पुण्याला परतल्यावर त्यांनी सर्वांत वादग्रस्त मुद्दा उचलला. गरजेची सरासरी ही रेषा मानली, तर धडधाकट माणसांतलेही निम्मे तिच्याखाली येऊ शकतात. शिवाय एकाच माणसाची गरज रोज सारखी नसते. तेव्हा सरासरीखालचा प्रत्येक जण उपाशी कसा मानायचा? यावर वि. म. दांडेकरांनी १९८१ साली कडाडून टीका केली. आहारतज्ज्ञ गोपालन यांचाही विरोध होता. कमी खाऊन निभावणारा गरीब त्याची किंमत देत असतो, त्याची कामाची ताकद घटते, त्याची मुले खुरटतात, असे विरोधकांचे म्हणणे. मला वाटते, ही भीती खरी होती. शरीर जुळवून घेते असे एकदा ठरले, की उपाशी पोरालाही मुळातच लहान चणीचे म्हणून मोकळे होता येते. पण सरासरीवरून एकट्या माणसाचा निवाडा करू नये, हा सुखात्मे यांचा इशाराही तितकाच खरा होता. २८ जानेवारी १९९७ रोजी ते गेले. वाद पुरता मिटला नाही.

हा इशारा मला फार उशिरा कळला. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका घटक चाचणीत एका मुलाला सगळ्यात कमी गुण पडले. मी त्याला मागच्या बाकावर बसवले आणि प्रगतिपुस्तकात सरासरीपेक्षा कमी असा शेरा लिहिला. त्या आठवड्यात त्याच्या घरी धान कापणी चालली होती आणि तो रात्री खळ्यावर राखणीला झोपत होता, हे मला नंतर समजले. एका दिवसाच्या मापावरून मी अख्खा मुलगा तोलला होता. पुढच्या वर्षी तो शाळेत आला नाही. गणिताचा शिक्षक असून प्रमाण विचलन मला तेव्हा कळले नव्हते, असेच म्हणायला हवे.

पुतणीला हे सगळे सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. तिला शेजारच्या मुलांची स्मरणशक्तीची चाचणी घ्यायची होती. मी एवढेच सुचवले, की एकदाच घेऊन थांबू नकोस. शब्द बदलून तीन वेगवेगळ्या दिवशी घे, आणि मुले तुझ्या ओळखीची म्हणून निवडू नकोस, चिठ्ठ्या टाक. तिने वही उघडली आणि मुलांची नावे लिहून चिठ्ठ्या करायला बसली.