कात्रीने उमटविलेला सागर

धारच्या मुंजसागराच्या नावात सागर असला, तरी त्याच्या काठी लाटांची गाज ऐकू येत नाही. आणि देवासचा तलाव तर नावानेच ‘मीठा’! आपल्यापैकी पुष्कळांनी खरा समुद्र अद्याप पाहिलेला नसेल. ज्या फ्रेंच चित्रकाराचे चरित्र येथे सांगावयाचे आहे, त्या आंरी मातीस यांचे बालपणही समुद्रापासून दूरच गेले.

उत्तर फ्रान्समधील एका लहान गावी ३१ डिसेंबर १८६९ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील धान्य-बियाण्यांचे व्यापारी. दुकानात घरांना द्यावयाचे रंगही विकले जात आणि ते काम आई पाहत असे. मुलाने वकिली पेशात शिरावे ही वडिलांची इच्छा. त्याप्रमाणे मुलगा कायदा शिकून वकिलाच्या कचेरीत कारकुनी करू लागला. परंतु विसाव्या वर्षाच्या सुमारास अपेंडिक्सच्या दुखण्याने तो अंथरुणाला खिळला. मुलाचा वेळ जावा म्हणून आईने रंगांची एक पेटी आणून दिली. दुखणे बरे झाले, पण ती पेटी काही सुटली नाही. वडिलांना हे रुचले नाही, यात नवल ते काय! तरीही १८९१ मध्ये मातीस चित्रकला शिकण्यासाठी पॅरिसला गेले. पुढे त्यांच्या भडक रंगांची प्रथम थट्टा झाली व मग कीर्ती झाली. आई १९२० मध्ये निवर्तली.

१९३० मध्ये, साठीच्या उंबरठ्यावर असताना, ते प्रशांत महासागरातील ताहिती बेटावर गेले. तेथील प्रवाळबेटांनी वेढलेल्या निवांत पाण्यात ते पोहत, डोळ्यांना चष्मा लावून पाण्याखाली पाहत. मासे, प्रवाळ, समुद्रशैवाल, वर पाहावे तो समुद्रपक्षी! इतके पाहूनही त्यांनी तेथे फारशी चित्रे काढली नाहीत. पाहिलेले सारे मनात साठून राहिले.

जानेवारी १९४१ मध्ये आतड्याच्या कर्करोगावर त्यांची मोठी शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला, पण फार वेळ उभे राहून चित्र रंगविणे अशक्य झाले. त्यातच महायुद्ध, १९४४ मध्ये पत्नी व मुलगी दोघींनाही जर्मनांनी पकडले. दोघी पुढे सुटल्या. अशा त्या वर्षांत मातीस यांनी कात्री हाती धरली. साहाय्यक कागदांवर जाड जलरंगाचा सपाट हात देत. मातीस आधी रेघ न ओढता थेट कातरीत. मग ते तुकडे त्यांच्या सांगण्यानुसार टाचण्यांनी भिंतीवर लावले जात, पुनःपुन्हा हलविले जात. गणपतीच्या मखरासाठी घोटीव कागद कातरणाऱ्या मुलांना हे काम परके वाटू नये. इंदूरचे विष्णू चिंचाळकर गुरुजी (१९१७–२०००) यांनीही सुकी पाने आणि काटक्या यांतून चित्रे उभी केलीच की!

१९४६ मध्ये पॅरिसच्या घरी भिंतीवरचा एक डाग झाकण्यासाठी मातीस यांनी लिहिण्याच्या पांढऱ्या कागदातून एक पाकोळी कातरून चिकटविली. तिच्या सोबतीला मासा आला, मग प्रवाळ, शैवाल. सोळा वर्षे मनात साठलेला समुद्र भिंतीवर पसरू लागला. त्यांतूनच ‘ओशनिया : समुद्र’ हे सुमारे पावणेचार मीटर लांबीचे चित्र सिद्ध झाले.

व्हान्स गावच्या प्रार्थनामंदिराच्या रंगीत काचांचे नमुनेही त्यांनी कागद कातरूनच केले. हे मंदिर १९५१ मध्ये पूर्ण झाले. तेथील पांढऱ्या फरशांवर नुसत्या काळ्या रेषांनी आई व मूल रेखिले आहे. दोघांच्या चेहऱ्यांवर ना डोळे, ना ओठ. तरी ती आई आहे हे पाहणाऱ्यास लगेच कळते.

१९५२ च्या उन्हाळ्यात ते पोहणाऱ्यांना पाहण्यासाठी कान येथील जलतरण तलावावर गेले. ऊन सोसवेना, म्हणून लगेच परतले. आणि आपला तलाव आपणच करावा असे ठरवून नीस येथील आपल्या जेवणघराच्या भिंतींवर त्यांनी पांढऱ्या कागदाचा पट्टा लावविला. त्यावर निळ्या कागदाच्या आकृती सूर मारू लागल्या, पाण्याबाहेर उसळू लागल्या. सुमारे सोळा मीटर लांबीचे हे चित्र आता न्यूयॉर्कच्या संग्रहालयात आहे. ३ नोव्हेंबर १९५४ रोजी मातीस नीस येथे वारले, तेव्हा ते त्यांच्या घरीच होते.