विश्लेषण : सुरतेत टिळकांना वाचवायला गोखले का पुढे झाले?

२७ डिसेंबर १९०७. सुरतेतील काँग्रेस अधिवेशन उधळले जात होते. अध्यक्षांच्या निवडीला हरकत घेत लोकमान्य टिळक व्यासपीठावरून हटेनात. मंडपातून जोडा भिरकावला गेला, खुर्च्या उडाल्या, काही जण टिळकांच्या अंगावर धावले. तेव्हा दोन्ही हात पसरून त्यांना वाचवायला उभे राहिले ते त्यांचे जुने विरोधक गोपाळ कृष्ण गोखले. तेथे हजर असलेले ब्रिटिश पत्रकार हेन्री नेव्हिन्सन यांनी हा प्रसंग नोंदवून ठेवला आहे.

वाद किती जुना?
गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे झाला. डेक्कन एज्युकेशन सोसायटीत ते टिळकांचे सहकारी होते. गोखले यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद घेतल्यावरून खटका उडाला आणि १८९० मध्ये टिळक सोसायटीतून बाहेर पडले. पुढे सार्वजनिक सभा टिळकांच्या गटाकडे गेली. न्यायमूर्ती रानडे आणि गोखले यांनी १८९६ मध्ये डेक्कन सभा काढली.

चूक झाली तेव्हा?
१८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या तपासणीत गोऱ्या शिपायांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचा आरोप गोखले यांनी इंग्लंडमध्ये केला. आधार होता पुण्याहून आलेल्या पत्रांचा. परतल्यावर पुरावा उभा करता येईना. त्यांनी पत्रे लिहिणाऱ्यांची नावे उघड केली नाहीत. जाहीर माफी मागितली आणि स्वकीयांची हेटाळणी सोसली. त्यानंतर ते स्वतः प्लेगच्या मदतकार्यात उतरले.

विरोधकांसाठी काय केले?
सुरतेच्या सुमारे दोन महिने आधी सरकारने राजद्रोही सभांना आळा घालणारे विधेयक आणले. त्याचा रोख जहालांवर होता. गोखले यांनी कायदेमंडळात त्याला विरोध केला. त्याच वर्षी मंडालेला हद्दपार केलेल्या लाला लजपत राय यांच्या सुटकेसाठीही त्यांनी सरकारदरबारी शब्द टाकला. जहालांचा मार्ग त्यांना मान्य नव्हता. पण त्यांचा आवाज दडपणेही मान्य नव्हते. मवाळपणाबद्दल जहाल त्यांना दुबळे ठरवत, सरकारचाही त्यांच्यावर पुरता विश्वास नव्हता.

मग तडजोड झाली का?
गोखले हयात असताना नाही. १९१४ मध्ये टिळक मंडालेहून सुटून आल्यावर ॲनी बेझंट यांनी दोन्ही गट जोडण्याचा प्रयत्न केला. टिळक काँग्रेसचे धोरणच बदलतील, या शंकेने अखेर गोखले यांनीच पाऊल मागे घेतले. त्यांची सहृदयता म्हणजे मत सोडणे नव्हे, हे यातून दिसते. कटुता मिटवण्याची एक संधी हुकली, हेही खरे.

शेवट कसा झाला?
१९ फेब्रुवारी १९१५ रोजी वयाच्या ४८ व्या वर्षी गोखले गेले. टिळक सिंहगडावरून पुण्यात आले आणि स्मशानभूमीत त्यांनी आपल्या विरोधकाला मनापासून श्रद्धांजली वाहिली. पुढच्याच वर्षी, १९१६ च्या लखनौ अधिवेशनात दोन्ही गट पुन्हा एका मंडपात बसले.